चंद्रावर जायचे कपडे

माणूस चंद्रावर गेला की नाही, ह्यावरून शिंप्याच्या दुकानात भांडण व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं. चंद्रावरून आजवर कुणी विजार आखूड करून घ्यायला आलेलं नाही. पण भांडायचंच ठरवलं तर विषयाला काय तोटा, आणि ह्या दुकानात तर धाकटा होता.

दुकान गल्लीच्या तोंडाशी. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि सगळा कारभार तिघांचा. दाजी कपडे बेतायचे, धाकटा शिवायचा. ताईकडे काज-बटणं, हातशिलाई, इस्त्री, गिऱ्हाइकांची बोलणी आणि त्या दोघांची मनं सांभाळणं एवढं सगळं होतं, आणि त्यातलं शेवटचं काम सगळ्यात किचकट. धाकटा तिचा सख्खा भाऊ. आईबाप गेले तेव्हा तो शाळेत होता. ती लग्न होऊन ह्या घरात आली, तिच्या पाठोपाठ तो आला आणि राहिलाच. तिला पोटचं मूल झालं नाही, पण धाकट्याच्या पायी तिला ते फारसं जाणवलंही नाही. पुढे त्याचं लग्नही कुठे जमलं नाही. मुलीकडचे बघायला यायचे आणि हा मुलीच्या बापाशी कशावरून तरी वाद घालून बसायचा. तो दाजी आणि ताई म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीही तेच म्हणायची. तोही आता केस पिकलेला माणूस होता, पण गल्लीसाठी धाकटाच.

चंद्राचं खूळ त्याच्या डोक्यात मोबाइलनं घातलं. मशीनच्या बाजूला मोबाइल टेकवून शिवता शिवता तो ऐकत असायचा, आणि ऐकलेलं स्वतःपाशी ठेवायची त्याला सवय नव्हती. "दाजी, तिथं हवा नाही ना? मग झेंडा फडफडला कसा? आकाशात एक तारा नाही, हे कसं? आणि पहिला माणूस उतरताना त्याचा फोटो काढला कुणी? आधीच कोण जाऊन बसलं होतं तिथं?"

दाजी त्याच्याकडे पाठ करून कापडावर खडू ओढत असायचे. त्यांच्याकडे सगळ्याला मिळून एकच उत्तर होतं. "हजारो माणसं त्या कामाला होती. खोटं असतं तर एकाच्याही तोंडून निघालं नसतं? आपल्या गल्लीत तिघांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे पोचते."

"पैसे देऊन तोंडं बंद केली असतील."

"पैशानं तोंड उघडतं. बंद झालेलं मी तरी पाहिलं नाही."

इथवर सगळं ठीक होतं. गिऱ्हाइकांची करमणूक व्हायची, ताईलाही गंमत वाटायची. काही लोक तर माप द्यायच्या निमित्तानं येऊन आज चंद्राचं काय झालं ते विचारून जायचे.

मग शाळेच्या बाई आल्या. शाळेच्या संमेलनात मुलांचं नाटक बसवलं होतं, माणूस चंद्रावर उतरतो त्याचं. त्यासाठी गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध असे पांढरे सूट शिवायचे होते, आणि चंद्रावर रोवायला शाळेचा झेंडा. "मागच्या वेळी कपडे भाड्यानं आणले होते," बाई म्हणाल्या, "मुलं पोत्यात भरल्यासारखी दिसत होती. ह्या वेळी अंगाबरोबर हवेत."

एवढ्यावर काम घेऊन गप्प बसावं की नाही? पण धाकट्यानं मशीन थांबवलं. "बाई, मुलांना खोटं कशाला शिकवता?"

बाई आधी हसल्या, मग त्याला समजावायला लागल्या, आणि ते समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. धाकटा आणखी चढला. तेव्हा दाजी मध्ये बोलले. ते एरवी असं कुणासमोर बोलत नसत. "माणूस उतरला त्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी रेडिओ उचलून अंगणात नेला होता. मी एवढासा होतो. वर चंद्र दिसत होता. म्हणाले, तिकडे बघ आणि इकडे ऐक. माझा हात धरून उभे होते."

"मग त्यांनाही बनवलं रेडिओनं," धाकटा म्हणाला. "भोळा माणूस. कुणीही काहीही सांगावं आणि त्यांनी मान डोलवावी."

त्याला दाजींना लागेल असं बोलायचं नव्हतं, वादाच्या भरात निघून गेलं. ताईला ते कळलं. पण दाजींनी खडू खाली ठेवला. "तुला काय कळतं रे? जन्मात स्वतःची एक रेषा ओढली नाहीस. मी आखायचं आणि तू त्यावरून मशीन पळवायचं. घरातल्या घरात काय चाललंय ते कळत नाही, आणि चालला चंद्रावरचं शोधायला."

बाई उगाचच टेप गुंडाळत बसल्या. धाकट्याचे कान लाल झाले. त्यानं मान खाली घालून मशीन सुरू केलं आणि दिवसभर एक शब्द बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे दुखणंच म्हणायचं.

संध्याकाळी जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "ताई, त्या तयार कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आहे, माहीत आहे ना? हे नाटकाचं काम झालं की जातो. राहायची सोय तिथंच आहे."

ते बोलावणं जुनंच होतं. इतके दिवस तो त्याची चेष्टा करायचा, तिथं माणसं दिवसभर नुसत्या कॉलरच शिवतात म्हणून.

"जा की," दाजी म्हणाले. "धरलंय कुणी?"

नवऱ्याची समजूत घालावी तर भाऊ ऐकतोय, भावाची घालावी तर नवरा. ताई दोघांच्या मध्ये बसली होती, नेहमीसारखी, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ती जागा नकोशी झाली. तो गेला तर वरच्या दोन खोल्यांत दोन माणसं उरणार होती, आणि त्यातलं एक फारसं बोलत नसे.

पुढचे दिवस तिचं टपालखातं झालं. "ताई, त्यांना सांग, बाह्या झाल्या." "त्याला म्हणावं, पाठ बेतून ठेवलीय." दोघं हातभर अंतरावर उभे, आणि निरोप हिच्यामार्फत. एकदा वैतागून ती म्हणाली, "मी वर जाऊन पडते, तुम्ही दोघं खुणा करा." तर दोघांनीही एकदमच "बस खाली" म्हटलं. तेवढं एक त्यांचं एकमत झालं.

अशातच तिनं ते पाहिलं. दाजी मुलांच्या सुटांचं पांढरं कापड बेतत होते आणि कात्री निळ्या खडूच्या रेषेवरून चालली होती, बरोबर रेषेवरून.

इतर कुणाला ह्यात काही दिसलं नसतं. शिंपी रेषेवर कापणार नाही तर कुठं कापणार? पण ताईला माहीत होतं की धाकट्यासाठी बेतलेलं कापड दाजींनी कधीच रेषेवर कापलं नव्हतं. धाकट्याचा हात जड. शिवणीच्या आत जेवढं कापड दबायला हवं त्यापेक्षा तो नखभर जास्त दाबायचा. पोरवयात हात तसा बसला तो बसलाच. त्यानं शिवलेला पहिला सदरा दाजींच्या छातीवर बंद होईना. पोरगं समोर उभं, सगळा जीव डोळ्यांत आणून विचारतंय, बरोबर झालाय ना? दाजींनी पोट आत घेतलं, बटण लावलं आणि म्हणाले, झकास. दुसऱ्या दिवसापासून ते रेषा मापाची ओढायचे आणि कात्री नखभर बाहेरून चालवायचे. कापून झालं की तळहातानं खडू झटकून टाकायचे. चांगल्या कारागिरानं कापडावर खडू ठेवू नये, असं धाकट्याला शिकवलं होतं, आणि त्यानं ते मानलं होतं. कपडे अंगाबरोबर बसायचे, गिऱ्हाइकं खूश, आणि धाकटा समजायचा आपली टीप अगदी मापावर पडते. ताई शिवणी उलट्या करून हातशिलाई घालायची, म्हणून तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. नवराबायकोत त्याबद्दल एकदाच बोलणं झालं, पुन्हा नाही.

"अहो," ती हळू म्हणाली, "रेषेवर कापताय."

"रेषा कशाला असते मग?"

"पण तो..."

"तो कारखान्यात चाललाय ना? तिथं कोण बसलंय त्याच्यासाठी नखभर सोडायला? कळायचं ते इथंच कळू दे."

हे रागानं म्हणाले की काळजीनं, तिला ठरवता येईना. धाकट्याला आधीच सांगून टाकावं तर तो तिथल्या तिथं पिशवी भरून निघाला असता. न सांगावं तर बाईंसमोर त्याची शोभा. इकडे आड तिकडे विहीर. ती गप्प राहिली, आणि आपण चुकतोय हे तिला बटणागणिक वाटत होतं.

झेंडा मात्र तिनंच शिवला. बाईंना तो वाऱ्याशिवाय आडवा पसरलेला हवा होता, म्हणून तिनं वरच्या कडेला नेफा घातला आणि त्यात पडद्याची दांडी सरकवली. दांडी जरा आखूड निघाली. कापड तिच्यावर पुरतं पसरेना, जागोजागी चुण्या पडून राहिल्या. तिनं काठी कोपऱ्यात उभी केली आणि तिघंही बघत राहिले. पंखा बंद होता, दुकानाचं दार लोटलेलं, आणि झेंडा अगदी मोबाइलमधल्यासारखा फडफडताना गोठल्यागत दिसत होता.

दाजींच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. "त्याला विचार, वारा कुठून आला म्हणावं."

धाकटा झेंड्याभोवती फिरला, चुणी बोटानं चाचपून पाहिली, मागून डोकावला. "त्यांना सांग," तो शेवटी म्हणाला, "बंद दुकानात, पडद्याच्या दांडीवर, हुबेहूब तसाच झेंडा झाला. म्हणजे असा फोटो कुठल्याही खोलीत निघतो. मी दुसरं काय म्हणत होतो?"

ताईला खुदकन हसू फुटलं. तिच्याबरोबर कुणी हसलं नाही.

सूट घालून बघायच्या दिवशी बाई मुलांना घेऊन आल्या. मुलं पडद्याआड गेली आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आली ती हात अंगापासून लांब धरून, कडक इस्त्रीच्या कपड्यांसारखी ताठ. एकाला बाईंनी वाकून दगड उचलायला सांगितलं, नाटकात होतं तसं. तो वाकला आणि सूट मागून टर्रकन उसवला. बाकीची मुलं हसून लोळायला गेली, पण त्यांनाही लोळता येईना.

बाईंचा चेहरा पडला. "संमेलन तोंडावर आलंय हो."

"होईल," ताई म्हणाली. "ठेवून जा. वेळेच्या आत मिळतील." मुलं कपडे बदलून निघेपर्यंत तिनं कुणालाच बोलू दिलं नाही.

दार लोटल्याबरोबर धाकटा उठला आणि थेट दाजींसमोर उभा राहिला. टपालखातं तिथंच बंद पडलं. "मुद्दाम लहान बेतलंत. मला बाईंसमोर खाली बघायला लावायचं म्हणून."

"टेप घे," दाजी म्हणाले.

धाकट्यानं उसवलेला सूट टेबलावर पसरला, शिवणी उकलल्या आणि टेप लावली. छाती बरोबर. कंबर बरोबर. दाब धरून सगळं कापड मापात होतं. मग त्यानं शिवणीतलं दबलेलं कापड मोजलं. पुन्हा मोजलं. दुसरा सूट घेतला, तिसरा घेतला. शेवटी त्यानं स्वतःच्या अंगातला सदरा काढला, उलटा केला आणि बनियनवर उभा राहून त्याच्या शिवणीला टेप लावली. तोही तेवढाच दबलेला होता, आणि तो सदरा त्याला कधी घट्ट झाला नव्हता.

तो ताईकडे वळला. "दाजी माझ्यासाठी जास्तीचं कापायचे?"

"हो."

"कधीपासून?"

"तुझ्या पहिल्या सदऱ्यापासून."

"आणि तुला माहीत होतं."

"हो रे."

धाकटा खुर्चीवर बसला. काखेत कळसा म्हणतात तो असा. सगळ्या जगाची लबाडी हुडकणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातातली एक नखभर गोष्ट इतकी वर्षं दिसली नव्हती. आता हा उठेल, वर जाईल आणि पिशवी भरेल, असं ताईला अगदी समोर दिसायला लागलं.

"दाजी," तो म्हणाला, "हजारो माणसं गप्प बसूच शकत नाहीत, असं तुम्ही म्हणत होता ना?"

दाजी टेबलावरचे दोरे गोळा करायला लागले.

"तुम्ही दोघंच. रोज माझ्यासमोर जेवता, रोज माझ्यासमोर भांडता. आजारी पडलात, तापात बडबडलात, तेव्हा उशाशी मीच होतो. एवढ्या वर्षांत एक शब्द निघाला नाही तुमच्या तोंडून. आणि मला सांगता, माणसाचं तोंड बंद राहत नाही."

दाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. बराच वेळ खाजवलं. "हे मात्र तुझं बरोबर आहे," ते म्हणाले.

त्या दुकानात हे वाक्य ह्याआधी कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

"आम्हाला कुणी पैसे दिले नव्हते हं," ताई म्हणाली.

"मग का?"

"तू विचारलंस, बरोबर झालाय ना. तुझं तोंड बघून ह्यांना नाही म्हणवेना. एकदा झकास म्हटल्यावर मग रोजच म्हणावं लागलं."

धाकट्याचे डोळे भरून आले. रागानं आले की आणखी कशानं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं सदरा उलटाच अंगात घातला. "कारखान्यात पहिल्याच दिवशी फजिती झाली असती माझी."

"म्हणून तर रेषेवर कापलं," दाजी म्हणाले.

"नुसतं म्हणून?"

"राग पण होता."

मग तिघं शिवणी उसवायला बसले. दाजींनी उभ्या आयुष्यात उसवण्याचं काम हातात घेतलं नव्हतं, ते बेतणाऱ्याचं काम नाही असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी ते खाली सतरंजीवर बसून दोरे ओढत होते. धाकट्यानं सगळे सूट पुन्हा शिवले, कमी दाबून, जिभेचं टोक दातांत धरून, नवशिक्या पोरासारखा हळू. मुलं वाकू शकली.

नाटक बरं झालं. झेंडा चुण्यांसकट उभा राहिला, दगड उचलले गेले, एक चंद्रवीर आईला हात करून आला. अंधारात धाकटा दाजींच्या कानाशी वाकून म्हणाला, "तुमच्या वडिलांबद्दल मी बोलायला नको होतं."

"त्यांना बनवणं सोपं नव्हतं," दाजी समोर बघत म्हणाले. "तुला सोपं होतं."

ताईनं ते ऐकलं आणि तिला जरा धीर आला. पण पुरता नाही. काम झालं की जातो, असं तो म्हणाला होता, आणि काम तर आता झालं होतं. घरी येताना त्यानं कारखान्याचा विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. विचारलं आणि त्यानं हो म्हटलं तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

सकाळी ती कान वरच्या खोलीकडे लावूनच दुकान झाडत होती. वर कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. दाजींनी एक सदऱ्याचं कापड टेबलावर टाकलं, आखलं आणि कात्री हातात घेतली. ताईनं पाहिलं. कात्री रेषेच्या बाहेरून चालली होती, नखभर. त्यांच्याही हाताला ती सवय लागून गेली होती, किंवा सवय नसेलही. बेतलेले भाग त्यांनी मशीनवर नेऊन ठेवले आणि पहिल्यांदाच खडू झटकायचा राहिला.

धाकटा जिना उतरून आला. हातात पिशवी नव्हती. त्यानं मशीनजवळची खिडकी उघडली, मोबाइल नेहमीच्या जागी टेकवला आणि कापड उचललं. कडेच्या आत खडूची पांढरी रेषा स्वच्छ दिसत होती. त्यानं ती पाहिली, दाजींच्या पाठीकडे पाहिलं, मग ताईकडे.

धाकट्यानं तळहातानं खडू झटकला आणि मशीन सुरू केलं.